आधी जागा, मग तारीख, मग कायदा
सीमाभागातल्या तरुण वकिलांसाठी संशोधनाची वाट

भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंदच्या कोर्टात वकिली करणाऱ्याकडे जमिनीची जी फाईल येते, ती सहसा एकाच राज्याची नसते. शेत बीदर जिल्ह्यात, मुलगी दिली उदगीरला, आजोबांचा कागद निजामाच्या काळातला, तोही उर्दूत. पक्षकार मराठीत बोलतो, पहाणी कन्नडमध्ये येते आणि निकाल इंग्रजीत वाचावे लागतात. अशा फाईलवर नवा वकील पहिल्यांदा मोबाईल काढून ‘पार्टिशन सूट डॉटर शेअर’ असं काहीतरी शोधतो. समोर शेकडो निकाल येतात, त्यातला आपल्या बाजूचा दिसेल तो उचलला जातो आणि पेशीच्या दिवशी समोरचा वकील त्याच्याही वरचा निकाल काढून ठेवतो.

या भागात संशोधनाची सुरुवात शोधयंत्रापासून करू नये. कुठलाही कायदा उघडण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहाव्यात: वादाची जागा आज कुठे आहे आणि १९५६ पूर्वी कुठे होती, आणि वादाला कारण झालेली घटना कोणत्या तारखेला घडली. ही दोन उत्तरं पक्की झाली की पुढचं निम्मं काम आपोआप सुटं होतं. ती चुकली तर पुढचं सगळं वाचन वाया जातं.

जागा: तीन राज्यांत वाटला गेलेला जिल्हा

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान शरण आलं. त्यानंतर आठ वर्षं बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ नुसार १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांची विभागणी झाली. बीदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेडचा भाग आंध्र प्रदेशात गेला आणि उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात आला. गुलबर्गा जिल्ह्यातले कोडंगल आणि तांडूर आंध्राकडे गेले.

सीमा एका दिवसात बदलल्या, कायदे मात्र बदलले नाहीत. त्याच कायद्याच्या कलम ११९ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की, राज्याची हद्द बदलली म्हणून आधी लागू असलेल्या कायद्याचं क्षेत्र बदललं असं समजायचं नाही. सक्षम विधिमंडळ दुसरी तरतूद करेपर्यंत जुना कायदा जुन्या प्रदेशातच चालू राहील. सीमाभागात वकिली करायची तर हे कलम पाठच असायला हवं. हैदराबादचा कुळकायदा, इनाम निर्मूलन कायदा, अतियात चौकशी कायदा १ नोव्हेंबर १९५६ नंतरही तीन वेगवेगळ्या राज्यांत का जिवंत राहिले, याचं उत्तर इथे आहे.

कुळाचंच उदाहरण घ्या. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९५० हा एकेकाळी भालकीलाही लागू होता आणि उदगीरलाही. मराठवाड्यात तो दुरुस्त्या होत चालू राहिला आणि संरक्षित कुळाला मालकी मिळण्याचा प्रश्न तिथे त्याच कायद्याच्या कलम ३८-ई खाली लढला जातो. कर्नाटकात त्याची जागा कर्नाटक जमीन सुधारणा कायदा, १९६१ ने घेतली. तो २ ऑक्टोबर १९६५ पासून अमलात आला आणि १ मार्च १९७४ च्या दुरुस्तीने कुळाकडच्या जमिनी सरकारजमा झाल्या. मग कुळाने फॉर्म नंबर ७ भरला होता का, कलम ४८-अ खाली भूमी न्यायाधिकरणाने काय ठरवलं, हे प्रश्न येतात. दिवाणी दाव्यात कुळाचा मुद्दा निघाला तर कर्नाटकात कलम १३३ पाहावंच लागतं. एकाच आजोबांची दोन शेतं, मध्ये दहा-पंधरा किलोमीटर अंतर आणि संशोधनाच्या वाटा दोन.

म्हणून फाईलच्या पहिल्या पानावर गाव, आजचा तालुका व जिल्हा आणि १९५६ पूर्वीचा तालुका व जिल्हा असे दोन रकाने करा. गावाचं नाव जुन्या कागदात वेगळं असेल तर तेही लिहा.

तारीख: फसलीपासून १ जुलै २०२४ पर्यंत

हैदराबादच्या जुन्या कायद्यांवर आणि कागदांवर फसली साल असतं. जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, जहागीर निर्मूलनाचा विनियम १३५८ फसलीचा. इसवी सन काढायला फसलीत ५९० मिळवतात, पण हैदराबादचं फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरात सुरू होई. त्यामुळे जानेवारीपासून पुढच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. १३५८ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४८ ते ऑक्टोबर १९४९. जहागीर निर्मूलनाचा विनियम ऑगस्ट १९४९ चा आहे, तो हिशेब इथे जुळतो. मुदतीचा मुद्दा असला की हा एका वर्षाचा फरक दावा बुडवू शकतो.

जुन्या कागदावर त्या दिवशी कोणता केंद्रीय कायदा लागू होता, हेही पाहा. दंड संहिता, पुरावा कायदा यांसारखे कायदे हैदराबादला ‘ब’ वर्ग राज्ये (कायदे) अधिनियम, १९५१ मुळे १ एप्रिल १९५१ पासून लागू झाले. त्याआधी निजामाचं फर्मान हेच कायदा असू शकतं. अमीरुन्निसा बेगम विरुद्ध महबूब बेगम (ए. आय. आर. १९५५ सर्वोच्च न्यायालय ३५२) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने फर्मानाला कायद्याचं बळ होतं हे मान्य केलं आहे. पक्षकाराने आणलेलं पिवळं पडलेलं फर्मान शोभेची वस्तू म्हणून बाजूला ठेवू नका.

अलीकडची सर्वात मोठी तारीख म्हणजे १ जुलै २०२४. गुन्हा त्याआधीचा असेल तर भारतीय दंड संहिता, नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहिता. गुन्हा आधीचा आणि फिर्याद नंतरची असेल तर गुन्ह्याला जुना कायदा, पण कार्यपद्धतीला नागरिक सुरक्षा संहिता; चालू खटल्यांसाठी तिचं कलम ५३१ वाचा. आकड्यांचा एक सापळा इथे पक्का लक्षात ठेवा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन आणि अंगभूत अधिकार गेले कलम ५२८ मध्ये. नुसतं ‘४८२’ टाकून शोधलं तर दोन्ही प्रकारचे निकाल एकत्र येतात. पुराव्यातही तसंच: तीस वर्षं जुन्या दस्ताचं गृहीतक पूर्वी कलम ९० मध्ये होतं, भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ९२ आहे.

कायदा वाचताना

कलम नेहमी अधिनियमातून वाचा, निकालात छापलेल्या उताऱ्यातून नाही. केंद्राचे आणि राज्यांचे कायदे इंडिया कोडच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. कर्नाटकचे कायदे संसदीय व्यवहार व विधिनिर्माण विभागाच्या संकेतस्थळावरही मिळतात. वाचताना तीन गोष्टी तपासा: अंमलात आल्याची तारीख, शेवटची दुरुस्ती आणि राज्य दुरुस्ती. दिवाणी प्रक्रिया संहिता एकच असली तरी राज्यांच्या दुरुस्त्या आहेत. कोर्ट फी तर पूर्ण वेगळी: कर्नाटकात १९५८ चा कायदा, महाराष्ट्रात १९५९ चा.

१ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं आणि कायद्यांची नावंही बदलली. १९६४ चा म्हैसूर जमीन महसूल कायदा म्हणजेच आजचा कर्नाटक जमीन महसूल कायदा. त्यामुळे १९७३ पूर्वीचे निकाल ‘म्हैसूर’ या नावाखाली शोधावे लागतात. गुलबर्ग्याचं कलबुर्गी २०१४ मध्ये झालं, यादगीर २००९ मध्ये वेगळा जिल्हा झाला, उस्मानाबादचं धाराशिव २०२३ मध्ये. शोधताना इंग्रजीतली जुनी-नवी सगळी रूपं टाका. एका स्पेलिंगवर विसंबून ‘निकालच नाही’ असं पक्षकाराला सांगू नका.

निकाल: कोणाचा, किती न्यायाधीशांचा, आजही टिकून आहे का

कलबुर्गीला कर्नाटक उच्च न्यायालयाचं फिरतं खंडपीठ २००८ मध्ये आलं आणि २०१३ मध्ये ते कायम झालं. बीदर-कलबुर्गीच्या कनिष्ठ न्यायालयांवर कर्नाटक उच्च न्यायालयाचा निकाल बंधनकारक. तो बेंगळुरूला झाला, धारवाडला की कलबुर्गीला, याने फरक पडत नाही. औरंगाबाद खंडपीठाचा निकाल इथे फक्त वजनदार मत म्हणून चालतो. पण हैदराबादच्या जुन्या कायद्यांच्या बाबतीत या ‘वजनदार मता’ला फार किंमत आहे. इनाम निर्मूलन कायद्याच्या एखाद्या कलमावर कर्नाटकात निकाल सापडत नसेल, तर तेच कलम मराठवाड्यातल्या आणि तेलंगणातल्या वकिलांनीही लढवलेलं असतं. औरंगाबाद आणि हैदराबाद, दोन्हीकडे शोधा. मात्र वापरण्याआधी त्या राज्याने कलमात स्वतःची दुरुस्ती केलेली नाही ना, एवढं पाहून घ्या. १९५६ पूर्वीचे हैदराबाद उच्च न्यायालयाचे निकाल ए. आय. आर. मध्ये ‘हैदराबाद’ या विभागात आहेत.

आता निकालाच्या क्रमांकावरूनही खंडपीठ कळतं. २०२३ पासून सुरू झालेल्या तटस्थ संदर्भ क्रमांकात कर्नाटकच्या निकालावर ‘केएचसी’ ही अक्षरं येतात आणि कलबुर्गी खंडपीठाच्या निकालावर ‘केएचसी-के’. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा निकाल ‘बीएचसी-एयूजी’ असा ओळखता येतो.

निकाल हाती आला की आधी वस्तुस्थिती वाचा, मग मुद्दा, मग त्या मुद्द्यावरचं उत्तर आणि शेवटी आदेश. हेडनोट ही संपादकाची असते, न्यायाधीशांची नव्हे. हेडनोटवरून युक्तिवाद करणारा वकील न्यायाधीशाच्या पहिल्याच प्रश्नाला अडखळतो. न्यायाधीशांनी जाता जाता केलेली टिप्पणी आणि निकालाचा आधार यात फरक करा. किती न्यायाधीशांचं पीठ होतं ते लिहा. मग सर्वात महत्त्वाचा प्रश्न: या निकालाला पुढे कोणी दुजोरा दिला, कोणी वेगळं काढलं, कोणी रद्द केलं?

कर्नाटकातला एक धडा यासाठी पुरेसा आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या जमिनींच्या हस्तांतरणाला बंदी घालणारा १९७८ चा कर्नाटकचा कायदा वकिलांमध्ये पीटीसीएल म्हणून ओळखला जातो. खूप उशिरा केलेले अर्ज या कायद्याखाली चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने नेक्कंती रामा लक्ष्मी प्रकरणात म्हटलं आणि त्यावर अनेक अर्ज फेटाळले गेले. २०२३ मध्ये विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून मुदतीची आडकाठी काढली. म्हणजे निकाल तोच राहिला, त्याच्या पायाखालचं कलम बदललं. आता दुरुस्तीनंतर उच्च न्यायालयाने काय म्हटलं, हे वाचल्याशिवाय दोन्हीपैकी कुठलीही बाजू मांडता येत नाही. निकाल तपासणं म्हणजे नंतरचे निकाल आणि नंतरचे कायदे, दोन्ही तपासणं.

एक फाईल जवळून

समजा भालकी तालुक्यातल्या एका घराची थोरली मुलगी वाटणीसाठी आली. लग्न १९९१ मध्ये उदगीरला झालं. वडील १९९८ मध्ये वारले. वडिलोपार्जित जमीन काही भालकी तालुक्यात, काही देवणी तालुक्यात, म्हणजे लातूर जिल्ह्यात. भाऊ म्हणतात, वडील असतानाच १९९५ मध्ये तोंडी वाटणी झाली, फेरफारही झाला.

पहिला प्रश्न: दावा कुठे? दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १७ सांगतं की, स्थावर मालमत्ता वेगवेगळ्या न्यायालयांच्या हद्दीत असेल तर त्यातल्या कोणत्याही एका न्यायालयात दावा लावता येतो. फक्त संपूर्ण दाव्याच्या मूल्याचा विचार करण्याचा अधिकार त्या न्यायालयाला हवा. भालकीला लावला तर कोर्ट फी कर्नाटकच्या कायद्याने. पण देवणीच्या जमिनीची प्रत्यक्ष वाटणी करायची वेळ आली की महाराष्ट्राचा महसूल आणि तुकडेबंदीचा कायदा आड येईल, तो आजच वाचून ठेवा.

दुसरा प्रश्न: मुलीला हक्क आहे का? जुनी उत्तरं इथे चकवतात. मुलींना सहदायाद करणारी कर्नाटकची दुरुस्ती ३० जुलै १९९४ ची, महाराष्ट्राची २२ जून १९९४ ची आणि दोन्हीत त्याआधी लग्न झालेल्या मुली बाहेर. मग हिंदू वारसा कायद्यातली ९ सप्टेंबर २००५ ची केंद्रीय दुरुस्ती आली. प्रकाश विरुद्ध फुलवती या २०१५ च्या निकालाने सांगितलं की, दुरुस्तीच्या दिवशी वडीलही हयात हवेत. २०१८ च्या दानम्मा निकालाचा सूर वेगळा निघाला. दोन्ही प्रकरणं कर्नाटकातली, दोन्ही पीठं दोन न्यायाधीशांची. शेवटी ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात तीन न्यायाधीशांच्या पीठाने ठरवलं की, मुलीचा हक्क जन्माने आहे आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. फुलवती रद्द झाला, दानम्मा अंशतः रद्द झाला. जो वकील २०१६ च्या एखाद्या जुन्या दाव्याचा मजकूर उचलून यातला जबाब लिहील, तो रद्द झालेल्या निकालावर उभा असेल.

तिसरा प्रश्न: १९९५ ची तोंडी वाटणी. हिंदू वारसा कायद्याच्या कलम ६(५) मध्ये २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या वाटण्यांना संरक्षण आहे, पण स्पष्टीकरणाप्रमाणे वाटणी म्हणजे नोंदणीकृत दस्त किंवा न्यायालयाचा हुकूमनामा. विनीता शर्मा निकालाने तोंडी वाटणी अपवादानेच मान्य केली, तीही सार्वजनिक दस्तांचा आधार असेल तर. मग भाऊ म्हणणार, फेरफार हाच सार्वजनिक दस्त. उलट बाजूला फेरफाराने मालकी मिळत नाही असं सांगणारे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत: सवर्णी विरुद्ध इंदर कौर (१९९६) आणि बलवंत सिंग विरुद्ध दौलत सिंग (१९९७). आणि कर्नाटक जमीन महसूल कायद्याचं कलम १३३ पहाणीच्या नोंदी खऱ्या मानतं, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. खरं भांडण या ठिकाणी आहे. हक्काचा प्रश्न जवळपास सुटलेला. तोंडी वाटणीचा पुरावा किती पुरतो, यावर सगळं संशोधन खर्च करायला हवं. संशोधनात कुठे थांबायचं हे कळणं जितकं महत्त्वाचं, तितकंच कुठे खणायचं हे कळणंही.

कागद शोधणं हेही संशोधनच

इथे निम्मे दावे निकालांवर नव्हे, कागदांवर ठरतात. तहसीलमधून १९५४-५५ ची खासरा पहाणी आणि फेरफाराची नोंदवही यांची नक्कल काढा. इनाम किंवा जहागीर असेल तर मुंतखब, म्हणजे ती मान्य करणारा दस्त, शोधा. निजामाच्या काळातल्या दप्तराचा मोठा भाग हैदराबादला तार्नाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहे. उर्दू किंवा मोडी कागद जाणकाराकडून वाचून घ्या, भाषांतर प्रमाणित करून दाखल करा आणि मूळ कागदावरची तारीख, मोहर, सही यांवर स्वतः बोट ठेवून पाहा. कन्नड वाचायला शिका. मराठीत विचार करून चालेल, पण इथली साक्ष कन्नडमध्ये लिहिली जाते आणि उलटतपासणी त्या लिहिलेल्या शब्दांवर होते.

साधनं आणि एक इशारा

महागडी सदस्यत्वं घेण्याची ऐपत नसेल तर थांबू नका. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत अहवाल ई-एससीआर वर २०२३ पासून मोफत आहेत, इंडियन कानून मोफत आहे, उच्च न्यायालयांच्या संकेतस्थळांवर निकाल आहेत. इंडियन कानूनवर एखादी नेमकी कायदेशीर शब्दरचना अवतरणचिन्हांत टाकून आणि कर्नाटक किंवा मुंबई उच्च न्यायालय निवडून शोधा, म्हणजे ढीग कमी होतो. कोर्टात मात्र अधिकृत प्रत द्या. बार असोसिएशनच्या ग्रंथालयातल्या ए. आय. आर. आणि आय. एल. आर. च्या जुन्या खंडांत संगणकावर नीट न मिळणारे निकालही सापडतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेचं साधन मुद्दे सुचवायला चालेल, निकाल पुरवायला नाही. ही साधनं अस्तित्वात नसलेले निकाल, पान क्रमांकासकट, बिनदिक्कत रचून देतात. न्यूयॉर्कमध्ये माटा विरुद्ध एव्हियांका प्रकरणात २०२३ मध्ये अशा बनावट निकालांसाठी वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. बेंगळुरूच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने २०२४ च्या डिसेंबरात दिलेल्या एका आदेशात असे अस्तित्वात नसलेले निकाल आले आणि तो आदेश मागे घ्यावा लागला. नियम एकच: स्वतः उघडून शेवटपर्यंत न वाचलेला निकाल न्यायालयात नाव घेऊन सांगायचा नाही.

टिपण कसं करावं

प्रत्येक फाईलसाठी एका पानाचं टिपण करा. वर जागा आणि तारीख. खाली एका वाक्यात प्रश्न. प्रश्न एका वाक्यात मांडता येत नसेल तर तो अजून समजलेला नाही. मग लागू कलम, बाजूचे निकाल, विरुद्ध निकाल आणि शेवटी आपलं मत. विरुद्ध निकालांचा रकाना कधीच रिकामा ठेवू नका. समोरच्याने दाखवण्याआधी आपणच तो निकाल पाहून आपली वस्तुस्थिती वेगळी कशी, हे लिहून ठेवलं की युक्तिवादाला ठामपणा येतो.

आणि हे टिपण दावा लावण्याआधी करा, पेशीच्या आदल्या रात्री नाही. पक्षकार कर्ज काढून, बैल विकून फी आणतो. त्याचा हक्क १९७४ मध्येच सरकारजमा झाला आहे किंवा त्याची मुदत दहा वर्षांपूर्वी संपली आहे, हे पहिल्याच दिवशी सांगता आलं तर त्याची जमीन वाचत नाही, पण उरलेले पैसे वाचतात. त्या दिवशीची फी बुडते. पण असा सल्ला देणाऱ्या वकिलाकडेच लोक पुढचा कागद आधी दाखवायला येतात.